हाय रिलीफ घरी कसं करायचं: फळीतून बाहेर येणारी कोळीण, पहिल्या स्क्रूपासून भिंतीवर लागेपर्यंत

हाय रिलीफ म्हणजे मूर्ती मधोमध कापायची आणि अर्धी फळीला चिकटवायची, असा माझा बरीच वर्षं समज होता आणि पहिलं पॅनल मी तसंच केलं. लालबागला गणपतीच्या कारखान्यात सीझनला हाताखाली काम करायचो तेव्हाची गोष्ट. उरलेल्या शाडूतून एक नाचणारी बाई केली, समोरून बरी दिसत होती, मग मास्तर आले, समोरून बघितलंच नाही त्यांनी, सरळ फळीच्या बाजूला जाऊन एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाले, "ही बाई आहे का भिंतीवरची पाल? चिकटलीये नुसती. भिंतीतून बाहेर ये म्हणावं तिला."

भिंतीतून बाहेर येणं म्हणजे काय ते कळायला पुढे दोन-तीन पॅनलं वाया गेली. ती तुमची जाऊ नयेत म्हणून हे सगळं लिहितोय.

आधी थोडक्यात. रिलीफ म्हणजे उठाव शिल्प, मागे सपाट जमीन असते आणि आकृती तिच्यातून वर येते. खिशातलं नाणं काढा, तो लो रिलीफ, उठाव अगदी कमी. हाय रिलीफमध्ये आकृतीच्या खऱ्या जाडीचा निम्मा किंवा त्याहून जास्त भाग जमिनीच्या बाहेर असतो आणि हात, पाय, कधी अख्खं डोकं जमिनीपासून पूर्ण सुटलेलं असतं, मागे बोट घालता येतं. कुठे कुठलं वापरायचं ह्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण अथेन्सचं पार्थेनॉन, इ.स.पू. ४४७ ते ४३८ मधलं. एकाच देवळावर दोन्ही आहेत. बाहेरच्या चौकोनी पाट्या, जिथे थेट ऊन पडतं, त्या हाय रिलीफ, कारण भर उन्हात लांबून वाचायचं तर सावली जाड हवी. आणि खांबांच्या आत, जिथे उजेड खालून परावर्तित होऊन येतो, तिथली साधारण १६० मीटर लांब पट्टी लो रिलीफ, आणि तीसुद्धा वरच्या कडेला जास्त खोल आणि खालच्या कडेला कमी, कारण माणूस खालून बघणार. म्हणजे उठाव किती ठेवायचा हे आपल्या हौसेवर नसतं, उजेड आणि बघणाऱ्याची जागा ते ठरवतात.

माती भिजवायच्या आधी एक दिवस बघण्यात घालवा

मुंबईत राहून घारापुरीला न जाता हाय रिलीफ करणं म्हणजे दादरला राहून वडापाव न खाण्यासारखं आहे. गेटवेवरून लाँचनं तासाभरात पोचता, फक्त सोमवारी जाऊ नका, लेणी बंद असतात. मोठ्या लेण्यातली साडेपाच-सहा मीटर उंच त्रिमूर्ती सगळे बघतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. तुम्ही तिच्या कडेला जा, जितकं जाता येईल तितकं, आणि बघा की ती तीन तोंडं मागच्या खडकात कुठे आणि कशी विरघळतात. कान, जटा, मुकुटाची मागची बाजू, कुठेही "इथे मूर्ती संपली, इथे भिंत सुरू झाली" अशी रेघ सापडत नाही. मास्तर म्हणत होते ते हेच.

मग अंधकासुरवधाच्या पॅनलपुढे जरा थांबा. शिव रागानं पुढे झेपावतोय, डोकं जवळजवळ पूर्ण गोल, धड पुढे आलेलं, आणि वरच्या बाजूच्या छोट्या आकृत्या मात्र बऱ्याच चपट्या. म्हणजे एकाच पॅनलमध्ये खोलीच्या तीन-चार पायऱ्या आहेत, सगळं सारखं बाहेर आलेलं नाही. खालचा भाग फुटलाय, पाय गेलेत. वाईट वाटतं, पण शिकणाऱ्याला तुटकी कड सोन्यासारखी, कारण काय तुटलंय त्यावरून काय सुटं कोरलं होतं ते कळतं. जमिनीला धरून असलेले भाग दीड हजार वर्षं टिकलेत, पुढे आलेले हातपाय गेलेत. तुमच्या पॅनलमध्येही तेच आधी तुटणार आहेत. आणखी एक, त्या लेण्याला उत्तर, पूर्व आणि पश्चिम अशा तीन बाजूंनी उजेड येतो, त्यामुळे पॅनलांवर उजेड बराचसा आडवा पडतो आणि सावल्या बाजूला सरकतात. सकाळी आणि दुपारी दोनदा बघितलंत तर तेच शिल्प वेगळं दिसेल.

घारापुरी जमत नसेल तर सीएसएमटीला गाडी चुकली की बाहेर येऊन वर बघा. १८८८ साली पूर्ण झालेल्या त्या इमारतीच्या दर्शनी भागावर गोल चौकटीत रेल्वेच्या साहेबलोकांची डोकी आहेत, चौकटीतून मान बाहेर काढून बघितल्यासारखी. इमारतीच्या कोरीवकामात जेजे कला शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. त्याच्या उलट पद्धत बघायची तर फोर्टातली न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत, १९३६ ची, त्यावर ना. ग. पानसऱ्यांची शिल्पं, ती मुद्दाम सपाट ठोकळ्यांत बसवलेली. दोन्ही एका दिवसात बघून होतात, मध्ये चहा धरून.

विषय आणि खोलीचा हिशोब

मी इथे एक ठरावीक पॅनल धरून चालतो, नाहीतर हवेतल्या गप्पा होतात. दीड फूट रुंद, दोन फूट उंच, पाटावर बसलेली कोळीण मावशी, पुढ्यात मासळीची पाटी, उजवा हात पुढे करून गिऱ्हाइकाला पापलेट दाखवतेय, मागे लांबवर होड्या. हा विषय का, तर ह्यात पुढे येणारी वस्तू आपसूक आहे. स्वस्थ उभा माणूस हाय रिलीफला घेतलात तर बाहेर काय काढायचं हाच प्रश्न पडतो.

आकृती १८ इंच उंच घेतली तर ती खऱ्या बसलेल्या बाईच्या साधारण निम्मी. खरं डोकं नाकापासून मागेपर्यंत साडेसात-आठ इंच, म्हणजे आपल्याकडे पावणेचार-चार. हाय रिलीफ म्हणवायचं तर त्यातले अडीच-तीन तरी बाहेर पाहिजेत. पण गुडघे आणि पाटी? ती खऱ्या मापानं काढली तर निम्मं करूनही दहा इंच पुढे येतील, फळी तोंडावर पडेल. मग दाबायचं, म्हणजे पुढे येणारी खोली हिशोबानं कमी करायची. मी असं ठरवतो: पाटीची पुढची कड आणि पापलेटवाला हात पाच इंच, जवळचा गुडघा चार, डोकं तीन, लांबचा खांदा एक, होड्या पाव इंच. हे आकडे फळीवर पेन्सिलनं लिहून ठेवा, खरंच, कारण माती लावायच्या धुंदीत सगळं सरासरी दोन-अडीच इंचावर येऊन बसतं आणि मग झाली पाल. एकाच पॅनलमध्ये असं पाव इंचापासून सुट्या डोक्यापर्यंत खेळणं इटालियन शिल्पकार गिबर्टीनं फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहाच्या दरवाजांवर करून ठेवलंय, १४२५ ते १४५२, फोटो बघाच.

दाबताना एक नियम मोडायचा नाही, तो म्हणजे क्रम. नाक पुढे, मग गाल, मग कान. दोन गोष्टींमधलं अंतर कमी करा, हवं तेवढं, पण मागची वस्तू पुढे आणि पुढची मागे होता कामा नये. नवशिक्यांचा कान हमखास गालाच्या पातळीला येतो आणि चेहरा थाळीसारखा दिसतो.

चित्र पूर्ण मापात कागदावर काढा, समोरून एक आणि बाजूनं एक. बाजूचं चित्र कुणी काढत नाही. तेच जास्त महत्त्वाचं आहे, त्यावरूनच सांगाडा ठरतो.

फळी आणि सांगाडा

१९ मिमीचा वॉटरप्रूफ प्लाय, पॅनलपेक्षा सगळीकडून तीन इंच मोठा. मागून दोन आडव्या पट्ट्या, नाहीतर ओल्या मातीनं प्लाय वाकतो. वर ऑइल पेंटचे दोन हात, म्हणजे फळी मातीतलं पाणी पिणार नाही. माती २५ ते ३० किलो लागेल तेव्हा खुर्चीवर टेकवून काम करायचा विचार सोडा, भक्कम स्टँड नाहीतर भिंतीला टेकवलेलं टेबल हवं, फळी जवळजवळ उभी, वरून किंचित मागे कललेली. आडवी ठेवून काम केलंत तर माती छान बसते आणि उभी केल्यावर सगळं चुकलेलं दिसतं.

जिथे आकृती येणार तिथे दोन-तीन इंचांवर स्क्रू अर्धे आत अर्धे बाहेर, आणि त्यांच्यामध्ये जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) बाइंडिंग वायरची जाळी. साधी लोखंडी तार नको, गंजते. डोक्यासाठी लांब स्क्रू आणि त्याच्या टोकाला तारेनं बांधलेलं फुलपाखरू, म्हणजे काडेपेटीएवढ्या दोन लाकडी काड्या फुलीसारख्या बांधून मातीत लोंबकळत ठेवायच्या, माती त्यांना धरून राहते, खाली घसरत नाही.

हाताला मात्र जाड तार, चार मिमीची, आणि ती फळीला भोक पाडून मागून नट-बोल्टनं आवळायची, कारण साचा काढताना ती मागून सोडवावी लागते. मी एकदा आळस केला, म्हटलं एवढासा हात, माती धरेल. मे महिना, रात्री ओलं फडकं गुंडाळून झोपलो, फडक्याचं वजन हातावर. सकाळी बघतो तर हात लादीवर, पापलेट अजून मुठीत. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय. फडकं कधीही थेट पुढे आलेल्या भागावर टाकू नका, वरून दोन काड्यांचा मांडव करा आणि त्यावर प्लास्टिक.

माती चढवणं

शाडू चालते, पण ती वाळली की आकसते आणि तडकते, म्हणून कामभर ओलसर ठेवायची. पॅनल भाजायचं असेल तर धारावीच्या कुंभारवाड्यात जाऊन भाजायच्या मातीबद्दल विचारा. आपण इथे शाडूत करून पीओपीत काढतोय.

पाऊण इंचाची जमीन आधी, अंगठ्यानं दाबत, मध्ये हवा न ठेवता. त्यावर चित्राची बाह्यरेषा टोचून घ्या. मग मोठे गोळे: धड, मांड्या, डोकं, पाटी. ह्या टप्प्यावर नाकडोळे काढायला हात शिवशिवतात, आवरा. ठोकळे उभे राहिले की पट्टी घेऊन पेन्सिलीतले आकडे तपासा, ओळंबा सोडून डोकं, कंबर आणि पाट एका रेषेत आहेत का बघा.

आणि मग बाजूनं बघा. दर पंधरा मिनिटांनी. नव्वद अंशातून बघितलं तर दाबलेली मावशी थोडी आखूड, बुटकी दिसणारच, ते चालतं, पण पंचेचाळीस अंशांतून, दोन्ही बाजूंनी, ती माणूस वाटली पाहिजे. पुढे केलेला हात कोपरापासून मनगटापर्यंत खऱ्या हिशोबानं पाच इंच असतो, तो इथे साडेतीनवर आणलाय, बाजूनं आखूडच दिसेल, समोरून नाही.

आता सगळ्या कामाचा जीव, कडा. आकृतीची कड जमिनीला जिथे भेटते तिथे तीन शक्यता असतात. एक, कड जमिनीत विरून जाते, जसा लांबचा खांदा. दोन, कड काटकोनात जमिनीवर येते, बिस्किटासारखी, ही टाळाच, चिकटवल्यासारखं ह्यामुळेच दिसतं. तीन, कड आपल्या सगळ्यात रुंद जागेच्या पुढे जाऊन परत आत वळते, मागे पोकळी, म्हणजे अंडरकट. गाल गोल फिरून मागे जातो, त्याच्या मागे काळोख आणि त्या काळोखात अंबाडा अर्धा बुडालेला. आमच्या मास्तरांची युक्ती अशी की जवळच्या बाजूला अंडरकट, लांबच्या बाजूला विरणारी कड. दोन्हीकडे अंडरकट केलात तर आकृती परत सुटी पडते, झाकणासारखी.

अंडरकट करायला लूप, म्हणजे माती खरवडायचं तारेचं हत्यार, वापरा, वाकवलेल्या तारेचा घरी केलात तरी चालतो. पोकळी बाहेरून अरुंद आणि आत रुंद करू नका, साचा काढताना तिथली माती निघता निघत नाही. पाटीखाली, हनुवटीखाली, हाताखाली आणि जवळच्या गुडघ्यामागे, एवढ्या चार जागी खोल काळोख पुरे.

(दगडात हे सगळं उलटं चालतं, तिथे लावायला काही नसतं, फक्त काढायचं. सुटा हात कोरताना हात आणि जमीन ह्यांच्यात दगडाचा छोटा पूल शेवटपर्यंत ठेवतात, नाहीतर छिन्नीच्या हादऱ्यानंच हात जातो.)

उजेडाचं आधीच सांगायला हवं होतं. समोरच्या भिंतीवरच्या ट्यूबलाइटखाली काम कराल तर रिलीफ मरतो, सगळ्या सावल्या पुसल्या जातात आणि मग तुम्ही उगाच रेषा खोल करत बसता. ट्यूब बंद करा, खिडकी बाजूला येईल असं बसा. रात्री मोबाइलचा टॉर्च वर डावीकडून तिरका धरा आणि लुगड्याच्या चुण्या, हाताची सावली पाटीवर कुठे पडते ते बघा. आमच्या पॅनलमध्ये पापलेटची सावली नेमकी मावशीच्या तोंडावर येत होती, हात एक इंच खाली घेतला तेव्हा चेहरा मोकळा झाला.

बारीक काम शेवटी आणि पुढच्या भागांवरच. डोळे, नाकातली नथ, बांगड्या, मासळीचे खवले दोन-तीन माशांवर. मागच्या होड्यांवर दोरखंड कोरत बसू नका.

साचा

अंडरकट आहेत म्हणून लोक घाबरतात, पण एकच प्रत हवी असेल तर पीओपीचा फोडायचा साचा बेस्ट, कारण माती मऊ असते, खोदून निघते, आणि साचा शेवटी फुटणारच असतो. तीन-चार प्रती हव्यात तर सिलिकॉन रबर, तो लवचिक असल्यानं अंडरकटमधून सुटतो, पण खिशाला जड.

पॅनलभोवती मातीची दोन इंची भिंत, बाहेरच्या प्लायला तेलाचा हात. बादलीत आधी पाणी, त्यात थोडी नीळ, मग पीओपी हातानं भुरभुरवत टाकायचं, पाण्यावर बेटं दिसायला लागली की थांबायचं, मिनिटभर भिजू द्यायचं, मग हलवायचं. हा निळा हात बोटांनी शिंपडत, पोकळीत फुंकर मारत, सगळीकडे चार-पाच मिमी. तो धरला की वरून मातीचं पातळ पाणी ब्रशनं अधूनमधून, म्हणजे पुढचा थर सहज सुटेल. मग पांढरा पीओपी, इंचभर, त्यात काथ्या बुडवून. पाठीवर दोन लाकडी पट्ट्या काथ्यानं बांधा. उरलेला पीओपी मोरीत ओतलात तर प्लंबर आणि शेजारी दोघांच्या शिव्या खाल, बादलीतच घट्ट होऊ द्या आणि फोडून टाका.

तीन-चार तासांनी दोघांनी मिळून सगळं उलटं करायचं. मागून बोल्ट सोडा, फळी हळू वर उचला, ओली माती सोडते. अडलं तर बाजूनं तार घालून कापा. मग माती काढत जा, हाताच्या पोकळीतली शेवटी, जाड तार पिळत बाहेर. मऊ ब्रशनं धुवा.

ओतणं आणि फोडणं

साच्याच्या आत मऊ साबणाचे तीन हात, दर वेळी फेस पुसून, शेवटी तेलाचा पुसट हात. हे विसरलात तर साचा आणि पॅनल एक होतात, आणि मग तुमच्याकडे खूप जड दगड असतो. मी विसरलोय.

पहिला पीओपी पातळसर, साचा हलवत प्रत्येक बोटापर्यंत पोचवायचा. हातात जीआय तारेचा तुकडा घाला. मग काथ्याचे थर, जाडी पाऊण इंच, मागे पोकळच ठेवा, भरीव केलंत तर भिंत पेलणार नाही. टांगायला मागे दोन तारेचे हूक काथ्यात गुंडाळून बसवा. रात्रभर राहू द्या.

सकाळी बोथट छिन्नी आणि लाकडी हातोडी. आधी पांढरा थर ढेकळांनी निघतो, मजा येते, हात सैल सुटतो, आणि तेवढ्यात निळं दिसतं. निळं दिसलं की श्वास धरून हळू, छिन्नी कामाच्या दिशेला तिरकी नको, सरळ. कपाळ आणि पाठ आधी मोकळी करा, हात आणि पापलेट सगळ्यात शेवटी, आणि तोवर हाताखाली चिंध्यांची उशी. बोट तुटलं तर घाबरू नका, तुकडा शोधून ठेवा, दोन्ही बाजू ओल्या करून पातळ पीओपीनं जोडता येतं.

पावसाळ्यात हे सगळं करू नका. मुंबईच्या जुलैत पीओपी आठवडेच्या आठवडे गार लागतो आणि काळे ठिपके येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

रंग चकचकीत नको, चमक सावली खाते. मी लाखेत थोडी काव घालून सगळीकडे लावतो आणि ओलं असतानाच कपाळ, गाल, गुडघा, पाटीची कड फडक्यानं पुसून घेतो, खोलात काव राहते, उंचावर उजळ.

टांगताना डोळ्याच्या उंचीवर, उजेड वर डावीकडून. दारावर उंच लावणार असाल तर वरची कड भिंतीपासून इंचभर पुढे कलती ठेवा, नाहीतर खालून नुसती हनुवटी आणि पाटीचं बूड दिसतं. आणि येण्याजाण्याच्या वाटेवर तर नकोच. माझी मावशी आमच्या चाळीतल्या खोलीत दाराला लागून आहे, दुसरी जागाच नाही, आणि येणारा प्रत्येक जण तिच्या हाताला खांदा घासत आत येतो. अंगठा दोनदा जोडलाय, पापलेटची शेपटी तीनदा.